निळ्या पडद्यामागची नोंद जपा

यवतमाळ, प्रतिनिधी : निळा पडदा (नव्या विंडोज ११ मध्ये काळा) दाखवून संगणक बंद पडला, की तो ‘फॉरमॅट’ करण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र त्यामुळे बिघाडाचे कारण सांगणारी नोंदही पुसली जाते.

ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड आदींचा कारभार पाहणारे ‘ड्रायव्हर’ बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये चालतात. साध्या प्रोग्रामने मेमरीतील अवैध पत्ता वाचू पाहिल्यास प्रोसेसर ते कर्नलला कळवतो आणि सहसा तेवढाच प्रोग्राम बंद होतो. तीच चूक ड्रायव्हरकडून झाल्यास पुढील हानी टाळण्यासाठी कर्नल सारे कामकाजच थांबवतो.

१९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता आलेल्या फाइलमुळे क्राउडस्ट्राइक कंपनीचा सुरक्षा ड्रायव्हर यादीतील २१वा घटक वाचू लागला. यादीत घटक होते २०च! मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना फटका बसला. भारतातील विमानतळांवर हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले. संगणकांनी बंद पडताना जतन केलेल्या ‘क्रॅश डम्प’मधूनही दोषी ड्रायव्हर उघड झाला.

अशी नोंद घरच्या संगणकातही असते. पडद्यावरील त्रुटी-संकेत व ड्रायव्हरचे नाव टिपून ठेवावे, ‘विंडोज’ फोल्डरमधील ‘मिनीडम्प’च्या फाइली जपाव्यात आणि तंत्रज्ञास द्याव्यात. दर वेळी वेगळाच संकेत दिसल्यास रॅमही तपासून घ्यावी. ‘फॉरमॅट’ हा उपाय अखेरचा.