डाळिंबाची साल, हळद आणि आतड्याचा दाह

डाळिंब सोलताना बोटांवर काळपट डाग पडतात आणि सालीचा तुकडा दाताखाली आला की तोंड तुरट होते. ही करामत सालीतल्या टॅनिनची. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेले डाळिंब पिकवणाऱ्या आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या सोलापुरात सालीच्या काढ्यावर विश्वास असणे साहजिक आहे. जुलाबापुरता तो निराधारही नाही; आयुर्वेदात ग्रहणीवर दाडिमाष्टक चूर्ण पूर्वापार दिले जाते. चूक होते ती पुढे. खेपा कमी झाल्या की अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स बरा झाला, असे धरले जाते. या आजारांत शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि आत जखमा होतात. तुरट द्रव्य शौच घट्ट करील. जखम भरली का, हे दुर्बिणीने किंवा शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनच्या तपासणीनेच कळते.

दुसरा समज असा, की औषध सालीत तयारच असते, ते फक्त पोटात गेले पाहिजे. खरे तर सालीतल्या टॅनिनपासून एलॅजिक आम्ल सुटते आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे युरोलिथिन बनवतात. या युरोलिथिनने उंदरांच्या आतड्याचे अस्तर मजबूत होते आणि दाह उतरतो, असे 2019 साली अमेरिकेतल्या लुइसविल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. पण प्रत्येकाच्या पोटात हे काम करणारे जिवाणू नसतात, आणि आतड्याच्या दाहात तर जिवाणूंची घडीच विस्कटलेली असते. म्हणजे ज्याला गरज, त्याच्याच पोटात औषध तयार न होण्याची शक्यता जास्त. उंदरावरून माणसाकडे उडी घेता येत नाही, ती यासाठी.

‘पण हळदीचे तर माणसांवर प्रयोग झालेत,’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जपानमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत सहा महिने रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन दिले. ते घेणाऱ्या 43 जणांपैकी 2 जणांचा आजार उलटला. न घेणाऱ्या 39 पैकी 8 जणांचा. निकाल खरोखर आशादायक आहे. मात्र हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे 2 ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद रोज पोटात जायला हवी. भाजीतल्या चमचाभर हळदीचा हा हिशेब नव्हे. दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा फरक पडला नाही. शिवाय जपानमध्ये ते गोळ्यांच्या जोडीला होते, गोळ्या बंद करून नव्हे. काढा सुरू झाला म्हणून गोळ्या सोडणाऱ्याला या चाचणीचा आधार घेता येत नाही.

‘झाडपाल्याने गुण आला नाही तरी अपाय काय होणार?’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. निळीच्या वनस्पतींपासून बनणारे चिंग-दाई हे चिनी औषध कोलायटिसवर खरोखर गुणकारी ठरले, जपानमधल्या चाचणीत सिद्धही झाले. आणि तेच घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब धोकादायक वाढला. जपानच्या आरोग्य मंत्रालयाला 2016 साली तसा इशारा द्यावा लागला. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी असतात की तज्ज्ञांनाही आतड्याचा तुकडा तपासून खात्री करावी लागते, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट जातात. शौचातून रक्त पडते म्हणून मूळव्याध समजून महिनोन्‌महिने काढा घेत राहिले, तर नेमकी हीच तपासणी राहून जाते.