धरणकाठच्या दिवसाची सॅक

फ्लाय फिशिंगसाठी दिवसभराची सॅक निवडताना आधी आपण कोणत्या पाण्यावर जाणार आहोत ते पाहावे लागते. या छंदासाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिशव्या थंड मुलखातल्या वाहत्या नद्यांसाठी घडवलेल्या असतात. तिथे मासे धरणारा मांडीभर पाण्यात उभा राहतो. त्यामुळे पिशवी लहान, छातीवर किंवा कमरेला, आणि भिजली तरी चालेल अशी लागते. बीड जिल्ह्यात गोष्ट वेगळी आहे. इथे गळ टाकायचा तो धरणाच्या उघड्या काठावरून. त्या काठावर सावली नसते, प्यायला पाणी नसते, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून बीडमधली सॅक आधी पिण्याच्या पाण्यासाठी निवडावी आणि मग मासेमारीच्या सामानासाठी. हा क्रम उलटा झाला की दुपारपर्यंत माणूस गळपटतो.

जिल्ह्यातले मोठे पाणी तसे मोजकेच. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे, आणि पुढे मंजरथजवळ ही नदी गोदावरीला मिळते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा केज तालुक्यातल्या धनेगावला अडवली आहे. बीड शहराजवळ बिंदुसरेचा तलाव आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेत लहान पाझर तलाव पुष्कळ आहेत, पण पाऊस हुकला की ते लवकर आटतात. मोठ्या धरणांचीही खात्री नसते. २०१६च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. या चढउताराचा सॅकशी थेट संबंध आहे. पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असते आणि गाडी लावली की चार पावलांवर गळ टाकता येतो. फेब्रुवारीनंतर पाणी मागे सरकते आणि मधे गाळाचा लांब पट्टा उघडा पडतो. त्यातल्या बऱ्याच भागावर शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे धरणाच्या उघड्या पडलेल्या ओलसर तळावर पीक घेतात. तिथून बांधाबांधाने, वळसा घालून जावे लागते. त्या वाटेवर सॅक पाठीला नीट बसलेली नसेल तर दिवसाची सुरुवातच बिघडते.

फ्लाय फिशिंगची रीत ठाऊक असली की सॅककडून काय हवे ते आपोआप कळते. नेहमीच्या गळाला शिसे किंवा जड आमिष असते आणि त्या वजनाने दोरी दूर जाते. फ्लाय म्हणजे पिसे, केस आणि धागा गळावर गुंडाळून केलेला नकली किडा किंवा मासोळी. तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते. साधारण ९ फुटांची लवचीक काठी मागे-पुढे नेऊन ती जाड दोरी हवेत उलगडायची, आणि तिच्या टोकाची बारीक नायलॉनची तार फ्लायला पाण्यावर अलगद नेऊन ठेवते. यातून तीन गोष्टी निघतात. काठी चालवणारा खांदा मोकळा हवा. पाठीमागे दोरी उलगडते, म्हणून सॅकवर काही उंच उभे राहिलेले नको. आणि फ्लाय ओढताना डाव्या हाताने खेचलेली दोरी वेटोळी होऊन पायाशी पडते, म्हणून पोटासमोर लोंबते पट्टे, बकले किंवा साखळीला टांगलेल्या कात्र्या नकोत. दोरीचा वेढा बकलात अडकतो तो नेमका मासा पळत असताना.

पिशव्यांचे प्रकार पाच. सर्वात जुने म्हणजे बिनबाह्यांचे जाकीट. अमेरिकेतल्या ली वुल्फ यांनी १९३१मध्ये खिसेच खिसे असलेले असे जाकीट शिवले आणि पुढे तोच जगभर या छंदाचा गणवेश झाला. मराठवाड्याच्या उन्हात मात्र सुती सदऱ्यावर आणखी एक थर चढवणे म्हणजे घामाला आमंत्रण. छातीवरच्या पिशवीत सामान डोळ्यांसमोर राहते, पण ती छाती झाकते आणि पायाखालची जमीन दिसू देत नाही. काठावर भेगाळलेली काळी माती असताना हे बरे नव्हे. कमरेची पिशवी हलकी आणि सोयीची असते, पण तिच्यात एका बाटलीपलीकडे पाणी मावत नाही. एका खांद्यावरची तिरपी पिशवी फिरवून पुढे आणता येते आणि तासा-दोन तासांच्या संध्याकाळच्या फेरीला ती उत्तम. पण चार लिटर पाण्याचा भार एकाच खांद्यावर दिवसभर वागवला तर मान आखडते. राहिली ती दोन्ही खांद्यांवरची साधी सॅक. बीडसाठी हीच योग्य, आणि तिच्या जोडीला फ्लायची डबी, नायलॉनची तार आणि कात्री एवढेच मावेल असे कमरेचे छोटे पाकीट. काठावर पोचल्यावर सॅक उतरवून ठेवायची आणि पाकिटावर काम चालवायचे.

सॅकचा आकार २० ते २५ लिटरचा पुरतो. हिवाळ्यात भल्या पहाटे निघायचे असेल तर स्वेटर मावण्यापुरती थोडी मोठी चालेल. वजनाचा हिशेब सोपा आहे. रिकामी सॅक किलोभर, पाणी चार लिटर म्हणजे चार किलो, रीळ, फ्लाय आणि हत्यारे मिळून किलोभर, शिदोरी आणि किरकोळ वस्तू आणखी किलोभर. एकूण सात किलो. एवढ्या भाराला कमरेचा पट्टा लागतोच, आणि तो पोटावर न बांधता नितंबाच्या हाडावर बसला पाहिजे, म्हणजे खांद्यांवरचे ओझे खाली उतरते. दुकानात सॅक रिकामी घालून पाहणे निरुपयोगी आहे. तिच्यात पाण्याच्या भरलेल्या चार बाटल्या ठेवाव्यात, पट्टे आवळावेत आणि उजवा हात काठी फेकल्यासारखा डोक्यामागून पुढे आणून पाहावा. खांद्याचा पट्टा काखेत रुतत असेल किंवा सॅक एका बाजूला झुलत असेल, तर ती कितीही देखणी असली तरी परत ठेवावी.

पाठीला टेकणारी बाजू जाळीची आणि मधे हवा खेळू देणारी हवी. पूर्ण जलरोधक, शिवणींऐवजी चिकटवलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या महाग असतात, आणि नदीत उतरणाऱ्याला किंवा होडीत बसणाऱ्याला त्या उपयोगी. धरणाच्या काठावर त्या पाठ उकडून काढतात. घट्ट विणीच्या नायलॉनची सॅक, तिच्यावर पावसाचे आच्छादन आणि आत मोबाईल, ओळखपत्र, गाडीची किल्ली यांसाठी तोंड गुंडाळून बंद होणारी एक छोटी जलरोधक पिशवी, एवढे पुरे. कापडाच्या जाडीवर मात्र तडजोड नको. धरणांच्या भोवती वेडी बाभूळ माजलेली असते. तिचे काटे पातळ कापड एका झटक्यात फाडतात, आणि खाली ठेवलेल्या सॅकला सराटे चिकटतात ते वेगळेच. रंग फिका असावा, मातकट किंवा राखाडी. काळी सॅक उन्हात तापते आणि आतले पाणीही तापवते.

काठी नेण्याचा प्रश्न उरतो. चार तुकड्यांत सुटणारी ९ फुटी काठी नळीत घातली की पाऊण मीटरच्या आसपास भरते. ती सॅकच्या आत मावत नाही, म्हणून बाजूला तळाशी खोल कप्पा आणि वर आवळायचा पट्टा हवा. चिलापीसाठी ५ किंवा ६ नंबरच्या दोरीची काठी पुरते. मरळ, रोहू यांच्यासाठी ७ किंवा ८ नंबरची बरी. चिलापी उथळ पाण्यात तळाशी बशीसारखे खड्डे करून राहते आणि फ्लायवर बेधडक येते, त्यामुळे शिकणाऱ्याला तीच पहिली मिळते. मरळ बेशरमाच्या झुडपांजवळ, शेवाळाच्या कडेला दबा धरून असते. तिच्यासाठी बेडकासारखी तरंगणारी फ्लाय लागते आणि तार जाड लागते, नाही तर ती झुडपात शिरून तार तोडते. म्हणून एकच मोठी डबी भरण्यापेक्षा दोन लहान डब्या ठेवाव्यात. त्या दिवशी ज्या माशामागे जायचे असेल, तेवढीच डबी पाकिटात.

सॅक भरण्यातही रीत आहे. जड ते पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध. म्हणजे पाणी तिथे. तळाला पावसाळी कोट आणि जादा सदरा. सर्वात वर शिदोरी, कारण तीच आधी लागते. मराठवाड्यात प्रवासाला धपाटे बांधून देतात, आणि उन्हात टिकण्याच्या दृष्टीने त्यांना तोड नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा हेही तसेच. दही, ताक किंवा ओली भाजी मात्र नको. नुसते पाणी पीत राहिल्याने घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, असे पाणी एका बाटलीत वेगळे न्यावे.

उन्हाचे मलम आणि डासांचे औषध यांना सॅकमध्ये स्वतंत्र, बंद कप्पा द्यावा, आणि तो फ्लायच्या दोरीपासून दूर असावा. फ्लायच्या दोरीवर प्लास्टिकचा लेप असतो. डासांच्या बऱ्याच मलमांत डीट नावाचे रसायन असते आणि ते हा लेप विरघळवते. औषध चोळलेल्या हातानेच दोरी ओढली की ती चिकट होते, तिला चिरा पडतात, आणि पुढे ती काठीच्या कड्यांतून सरकतच नाही. मलम मनगटाच्या वर लावावे, तळवे पुसून मगच रीळ हातात घ्यावे. नायलॉनची तारही उन्हात पडून कमजोर होते, म्हणून तिची गुंडाळी सॅकच्या बाहेर टांगून ठेवू नये.

धोक्यांपैकी विजेचा धोका सर्वात गंभीर आहे आणि तोच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फ्लायच्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. शेतकऱ्यांनी पंपांसाठी धरणाच्या काठापर्यंत तारा ओढलेल्या असतात, कित्येक ठिकाणी डोक्याच्या जरा वरून. जोडलेली काठी उभी धरून त्यांच्याखालून कधीही जाऊ नये. नळीतून काठी बाहेर काढायची ती पाण्याजवळ पोचल्यावर आणि वर पाहून. दुसरी वीज आभाळातली. एप्रिल-मेच्या दुपारनंतर वळवाचे ढग चढतात, आणि उघड्या काठावर काठी उंचावून उभा असलेला माणूस त्या वेळी आसपासची सर्वात उंच वस्तू असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर काठी जमिनीवर आडवी ठेवून पक्क्या इमारतीकडे किंवा बंद गाडीत जावे. एकट्या झाडाखाली थांबू नये.

प्रथमोपचाराची पिशवी सॅकच्या वरच्या कप्प्यात, झटकन हाताला लागेल अशी असावी. गळ बोटात रुतणे ही नेहमीची इजा. म्हणून गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करावा. त्याने जखमही सोपी होते आणि मासाही कमी दुखावतो. काठावरच्या झुडपांत घोणस आणि नाग असतात. उंच बूट घालावेत, आणि गवतात ठेवलेली सॅक उचलताना आधी काठीच्या नळीने हलवून मगच हात घालावा. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. चावलेला अवयव न हलवता १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे आणि मांजरा धरणाच्या बाजूने अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते.

जलरोधक पिशवीत ओळखपत्राशेजारी आणखी एक कागद असायला हवा, परवानगीचा. धरण जलसंपदा विभागाचे असते आणि त्यातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ज्यांची चूल त्या माशांवर पेटते, त्या भोई कुटुंबांना विचारल्याशिवाय त्यांच्या पाण्यात गळ टाकणे गैर आहे आणि बेकायदाही ठरू शकते. संस्थेकडे आधी जाऊन बोलावे. जाळी कुठे लावली आहेत तेही तिथेच कळते. धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडवा यांच्या जवळ जाऊ नये.

मासा घरी न्यायचा असेल तर तो सॅकमध्ये टाकू नये. उन्हात तो तासाभरात उतरतो आणि सॅकचा वास पुढे महिनोन्‌महिने जात नाही. बर्फाची पेटी गाडीत वेगळी असावी आणि मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून तिथवर न्यावा. सोडून द्यायचा असेल तर हात ओले करून, पाण्यातच धरून, चिमट्याने गळ काढावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे त्याला रोग जडतात. पावसाळ्यात पिलांच्या घोळक्याभोवती फिरणारी मरळ दिसली तर तिच्यावर फ्लाय टाकूच नये. राखणदार गेला की सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

घरी परतल्यावर सॅक त्याच संध्याकाळी रिकामी करावी. धरणाची काळी माती वाळली की बारीक भुकटी होते, सॅकच्या चेनच्या दातांत बसते आणि त्यांना झिजवते. कोरड्या ब्रशने चेन झाडाव्यात, मग साध्या पाण्याने सॅक धुवावी. वॉशिंग मशीन आणि कडक साबण टाळावे, कारण कापडावरचा पाणी अडवणारा लेप त्याने जातो. सॅक उलटी करून सावलीत वाळवावी. फ्लायच्या डब्या रात्रभर उघड्या ठेवाव्यात, नाही तर ओलीने गळ गंजतात. फ्लायची दोरी ओल्या फडक्याने पुसून मगच रिळावर गुंडाळावी. पट्ट्यांच्या शिवणी हाताने ओढून पाहाव्यात. उसवलेला टाका त्याच आठवड्यात चपला शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याने घालून घ्यावा.