कुकरच्या झाकणात दडलेला विचार

कुकरचं झाकण आपल्या रोजच्या हातातलं. पण त्यावरची प्रत्येक खाच, प्रत्येक भोक कुणीतरी डोकं लावून ठेवलेलं आहे. आज आपण तेच बघू.

आधी शिट्टी. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. मग जाळ कितीही वाढवा, ते त्याहून तापत नाही. कुकरात वाफ कोंडते, पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. वाफ किती कोंडायची ते शिट्टीचं वजन ठरवतं. दाबानं वजन उचललं की वाफ बाहेर. म्हणून एका कुकरची शिट्टी दुसऱ्यावर चालवू नये. वाफेवर शिजवायचा असा पहिला हंडा डेनिस पॅपिन या फ्रेंच माणसानं १६७९ साली केला, आणि तोही बायकांना विचारून नाही!

आत बसणारं झाकण लांबट असतं, तिरकं घालावं लागतं. वाफ त्याला आतूनच वर दाबते, त्यामुळे दाब असेपर्यंत ते निघत नाही. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कडेला बहुधा एक खाच दिसते. नळी तुंबली, तर रबर त्या खाचेतून बाहेर सरकतं आणि वाफेला वाट मिळते.

सगळ्यात मोलाचा सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यात कमी उष्णतेला वितळणारा धातू भरलेला असतो. पाणी आटून कुकर फार तापला की तो वितळतो, वाफ सुटते. आपण म्हणतो, कुकर बिघडला. अहो, त्यानं तर आपला जीव वाचवला! आमच्या गटातल्या एका ताईंच्या कुकरला दुरुस्तीवाल्यानं त्या जागी चक्क बोल्ट आवळून दिला होता. बोल्ट काही वितळत नाही. त्यात डाळीच्या सालीनं नळी तुंबली, तर कुकर फुटायला वेळ लागत नाही. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्यायचा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून पाण्यासकट कुकर अर्धाच भरायचा. नवा घेताना आयएसआय चिन्ह बघा. फेब्रुवारी २०२१ पासून ते घरगुती कुकरला सक्तीचं आहे.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर झाकणही आणा. शिट्टी काढून नळी उजेडाकडे धरू. आरपार दिसलं नाही, तर तिथल्या तिथे साफ करू.