चित्र शेवटी पाहा

१५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, टपाल खात्याने महात्मा गांधींची चार तिकिटे काढली. ती छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये. त्यातल्या अवघ्या शंभर संचांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी इंग्रजीत ‘सर्व्हिस’ असा शब्द वरून उमटवण्यात आला. अशा दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. तो शब्द नसलेले साधे तिकीट मात्र त्या मानाने सहज मिळते, आणि नेमके हेच बनावटगिरी करणाऱ्याच्या पथ्यावर पडते. कागद खरा, चित्र खरे, कडेचे दातेही खरे. खोटा फक्त एक शब्द.

वापरलेले तिकीट असेल तर एक साधी कसोटी आहे. हा शब्द छापखान्यात आधी उमटतो, टपालाचा शिक्का नंतर पडतो. भिंगाखाली शब्दाची शाई शिक्क्यावर चढलेली दिसली, की विषय संपला. कोऱ्या तिकिटावर ही सोय नाही. तिथे अक्षरांची जाडी, त्यांतले अंतर आणि शाईची जात खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहावी लागते.

जाँ द स्पेराती या इटालियन माणसाने याच्या बरोबर उलटे केले. तो त्या काळचेच स्वस्त तिकीट घेई, रसायनांनी त्यावरची छपाई पुसून टाकी आणि त्याच कागदावर दुर्मीळ तिकीट छापी. कागद, दाते, कधी कधी शिक्कासुद्धा अस्सल राही. १९४२ साली त्याचे पोर्तुगालला निघालेले पाकीट फ्रान्सच्या कस्टम्सने अडवले. मौल्यवान तिकिटे परवानगीविना बाहेर पाठवल्याचा आरोप आला. तज्ज्ञांनी ती खरी ठरवली आणि ती आपणच बनवली आहेत, हे पटवून देताना स्पेरातीच्या नाकी नऊ आले. अशा कामापुढे नुसत्या कागदाच्या परीक्षेवर विसंबता येत नाही, छपाईच तपासावी लागते.

पुनर्मुद्रणाचा प्रश्न वेगळा. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड या तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या चिमुकल्या बेटाची तिकिटे बर्लिनमध्ये छापली जात. हॅम्बुर्गच्या एका व्यापाऱ्याने संग्राहकांसाठी ती पुन्हा पुन्हा छापून घेतली, इतकी की आज बाजारात मूळ तिकिटांपेक्षा हीच जास्त आढळतात. त्यांना बनावट म्हणणे अन्यायाचे ठरेल. मूळ म्हणून विकणे मात्र सरळ फसवणूक आहे. रंगाच्या छटा आणि कागद यांवरून ती ओळखता येतात.

आपल्याकडची १८५४ची बहुतेक तिकिटे कलकत्त्यात दगडी छपाईने निघाली. त्यांना दाते नव्हते. कागदातले जलचिन्ह अख्ख्या पानभर पसरलेले असल्याने एका तिकिटाच्या वाट्याला फार तर एखादी रेघ येई. दहापट भिंगाखाली रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला, तर ती आधुनिक ऑफसेट नक्कल समजावी. दातेरी तिकिटाच्या कडा कापून ते ‘चुकून बिनदात्यांचे राहिलेले’ म्हणून खपवणारेही भेटतात. म्हणून अशा दुर्मीळ चुकीचे सुटे तिकीट घेऊ नये, जोडी मागावी. किंमत मोठी असेल तर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आणि घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांची पाकिटे सापडली, तर कृपा करून तिकिटे कापून किंवा भिजवून काढू नका. पाठवल्याचा आणि पोहोचल्याचा शिक्का, पत्ता, तारीख हे त्या तिकिटाचे साक्षीदार असतात. पाकीट आहे तसेच जाणकाराला दाखवा.