जिवाणूंना मारणारा विषाणू आणि आपले पिण्याचे पाणी

विषाणू जसे माणसाला बाधतात, तसे ते जिवाणूंनाही बाधतात. जिवाणूंना बाधणाऱ्या विषाणूस जिवाणूभक्षक किंवा बॅक्टेरिओफाज म्हणतात. तो ठरावीक जातीच्या जिवाणूस चिकटतो व आपले जनुकद्रव्य त्याच्या आत सोडतो. तेथे त्याच्या अनेक प्रती तयार होतात, अखेर जिवाणू फुटतो आणि नवे विषाणू बाहेर पडतात. माणसाच्या पेशींना मात्र त्याची बाधा होत नाही.

गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे, म्हणजेच कॉलऱ्याचे, जंतू मरतात असे आग्र्यातील शास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली नोंदवले. पाणी उकळल्यावर हा गुण नाहीसा होई. तो बहुधा जिवाणूभक्षकांचा असावा, असे पुढे मानले गेले.

मग नदीचे पाणी न उकळता प्यावे काय? मुळीच नाही. प्रत्येक भक्षक मोजक्याच जिवाणूंना मारतो; इतर रोगजंतू पाण्यात तसेच राहतात. शिवाय काही भक्षक जिवाणूस न मारता त्याच्या जनुकांत दडून राहतात. पटकीच्या जिवाणूस घातक विष बनविण्याची क्षमता अशाच एका विषाणूकडून मिळते, हे १९९६ मध्ये दिसून आले.

म्हणून बोरसी परिसरातील कुटुंबांनी पुढील काळजी घ्यावी :

• नदी, विहीर वा हातपंपाचे पाणी खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे व झाकून ठेवावे.
• जुलाब होताच जलसंजीवनी द्यावी. पातळ जुलाब वारंवार होत असल्यास रुग्णास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.
• प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.