ट्रेकच्या दुलईतलं फायबर जागेवर कसं ठेवायचं

आज शिवणकामातलीच एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती आमच्या गटाला पैसे घालून शिकावी लागली. मागच्या हिवाळ्यात आम्ही तंबूत पांघरायच्या बारा दुलया शिवून दिल्या. पहिल्या धुण्यानंतर त्यातल्या नऊ परत आल्या. आतलं सगळं फायबर पायाकडे जाऊन गोळा झालेलं, आणि छातीवर नुसती दोन कापडं! गिऱ्हाईक काही ओरडलं नाही, पण पुढची ऑर्डर थांबली.

भंडारदरा, कळसूबाई, हरिश्चंद्रगड या बाजूला आता थंडीत पुष्कळ माणसं तंबूत राहायला येतात. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. पाठीवर वाहून न्यायची म्हणून त्यांना हलकी दुलई लागते. आपली गोधडी उबदार खरी, पण वजनाला भारी, आणि दवाने भिजली की दिवसभर वाळत नाही. म्हणून वरून-खालून पातळ नायलॉनचं कापड आणि आत पॉलिस्टर फायबरची शीट, अशी ही दुलई असते.

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही तिला गोधडी समजलो. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर चापून बसवायचे असतात, म्हणून बोटाबोटावर धावदोरा घालतो. जितका दाट दोरा तितकी गोधडी टिकाऊ. फायबरचं उलटं आहे. ऊब फायबर देत नाही, त्याच्या तंतूंत अडकलेली हवा देते. टाका घट्ट ओढला की तिथली हवा निघून जाते आणि त्या रेघेवरून गारठा आत येतो. आमच्या पहिल्या नमुन्यावर चार-चार बोटांवर मशीनच्या रेघा मारल्या होत्या. दिसायला इतका सुरेख झाला होता म्हणून सांगू! पण अंगणात पांघरून झोपलेल्या आक्का पहाटे उठून चुलीपाशी जाऊन बसल्या.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. मधे एकही टाका नाही, फक्त कडेने शिवण. त्याच या परत आलेल्या दुलया.

खरं उत्तर फायबर कोणतं आहे यावर अवलंबून असतं. काही शीट लांबच लांब, अखंड तंतूंच्या असतात. त्यांना चारही कडा नीट पकडल्या की मधे फार टाके लागत नाहीत. पण आपल्या बाजारात रोलवर मिळते ती बहुतेक आखूड तंतूंची, गोंदाने किंवा उष्णतेने चिकटवलेली शीट. ती कडेवर एकटी तग धरत नाही. धुताना पाण्याने जड होते, चिकटवण सुटते आणि तुकडे पडतात. दुकानदार सगळ्यालाच ‘एक नंबर माल’ म्हणतो, त्यावर जाऊ नका. चिमटीत धरून हलकेच ओढा. पुंजका हातात आला तर शीट कच्ची. मोठी ऑर्डर असेल तर हातभर तुकडा घेऊन दोन कापडांत शिवा आणि तीनदा धुऊन बघा. हे आधी केलं असतं तर आमच्या नऊ दुलया वाचल्या असत्या.

वजनाचा हिशोब सोपा आहे. शीटवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. दुलई २ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद धरली तर २.८ चौरस मीटर झालं. २०० जीएसएमची शीट घातली तर नुसतं फायबर ५६० ग्रॅम भरतं. दोन थर घातले तर एक किलोच्या वर जातं, ते पाठीवर नेणाऱ्याला विचारूनच करावं.

आता शिवण्याकडे येऊ. शीट कापडापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन बोटं मोठी कापा. ताणून बसवू नका. ताणलेली शीट पुढे आकसते आणि कडेपासून सुटते. आतल्या कापडाच्या उलट बाजूवर शीट पसरा आणि चारही कडांना हाताने कच्चा दोरा घाला, कडेपासून साधारण अर्धा सेंटिमीटर आत. चारही म्हणजे चारही. आम्ही तीनच केल्या होत्या. गळ्याकडची बाजू उलटवायला मोकळी ठेवायची, म्हणून तिथलं फायबरही मोकळंच राहिलं आणि तिथूनच ते खाली घसरलं. नंतर दुसरं कापड सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून सेंटिमीटरभर आतून शिवायचं, म्हणजे कच्चा दोरा शिवणीच्या बाहेर राहतो. जास्तीचं फायबर शिवणीलगत कातरायचं. उलटवायला गळ्याकडे हातभर तोंड ठेवायचं. उशीच्या अभ्र्यासारखं उलटवलं की शीट मधे जाते. तोंड बंद करताना दोन्ही कापडांबरोबर शीटची कडही टाक्यात घ्यायची. मशीनच्या दातांत फायबर अडकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि मग कागद फाडून काढा.

आता मधले टाके. एक-एक वितीवर एकच गाठ, विटांच्या बांधकामासारखी आडवी-तिडवी, म्हणजे एका ओळीच्या मधोमध पुढच्या ओळीतली. पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या. सुई वरून खाली, दाण्याएवढं अंतर सोडून खालून वर, आणि गाठ. गाठ मारताना दोऱ्याखाली बोट ठेवा, मग बोट काढून घ्या. तेवढी ढील राहिली की फायबर दबत नाही आणि सरकतही नाही. नायलॉन नाजूक असतं, म्हणून दोन्ही बाजूंना गाठीखाली नखाएवढी नाडीची पट्टी धरा, नाहीतर ओढ बसली की तिथेच फाटतं. एका दुलईला चाळीस-पन्नास गाठी होतात. दोघी समोरासमोर बसल्या तर दुपारच्या गप्पांत होऊन जातात.

गिऱ्हाइकाला दुलई देताना दोन शब्द सांगून द्या. गार पाण्यात धुवा, पिळू नका, इस्त्री लावू नका, शेकोटीची ठिणगी लागली की भोक पडतं. घरी ठेवताना पिशवीत कोंबून ठेवू नका, फायबर कायमचं चेपतं आणि ऊब जाते.

आणि काम सुरू करताना सुया मोजा, संपल्यावर पुन्हा मोजा. फायबरात शिरलेली सुई वरून दिसत नाही. आमच्याकडे एकदा एक कमी भरली होती. उशिरापर्यंत लोहचुंबक फिरवत बसलो, तेव्हा सातव्या दुलईत पायाच्या कोपऱ्यात सापडली.