आंब्याचे कलम कसे धरते?

नांदेड-लातूरकडे बांधावरचे रायवळ आंबे आपण सगळ्यांनीच खाल्ले आहेत. एकाच झाडाच्या दोन कोयी लावल्या, तर एकीला गोड फळ येते, दुसरीला आंबट. असे का बरे होते? मोहोरावर माश्या बसतात. त्या दुसऱ्या झाडाचे पराग आणतात. त्यामुळे कोयीत दोन झाडांचे गुण मिसळतात. 'खाण तशी माती' ही म्हण इथे चालत नाही. केशर आंबा मूळचा गुजरातेतल्या जुनागडकडचा. तो मराठवाड्यात पसरला तो कलमांमुळे.

कलमाचे भाग दोन. खालचा खुंट, म्हणजे कोयीपासून वाढवलेले रायवळ रोप. मुळे त्याची. वरची काडी चांगल्या झाडाची. फळाचा गुण तिचा. मुळे पाणी देतात, पाने अन्न करतात. दोघांचा संसार एक होतो, पण स्वभाव कोणी सोडत नाही.

हे दोघे जुळतात कसे, ते आता पाहू. कोवळ्या फांदीची साल नखाने काढून बघा. आत ओलसर, बुळबुळीत पातळ थर लागतो. झाडाची जाडी वाढते ती याच थरामुळे. खुंटाचा थर काडीच्या थराला भिडला, की जखम भरते आणि पाण्याच्या व अन्नाच्या नळ्या जोडल्या जातात. थर भिडला नाही, तर काडी वाळते. जातही जवळची लागते. आंबा आंब्यावर धरतो, चिंचेवर धरत नाही.

कलम पावसाळ्यात, हवेत ओल असताना बांधतात. खुंटाचा तांबूस कोवळा शेंडा कापून मधोमध उभी चीर देतात. तेवढ्याच जाडीची, डोळा फुगलेली काडी घेतात. तिला दोन्ही बाजूंनी तिरपा काप देऊन पाचर करतात. पाचर चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. चाकू धारदार आणि स्वच्छ हवा. जोड पक्का झाला म्हणजे पट्टी सोडावी, नाहीतर ती खोडाला काचते.

आपल्याकडे पाण्याची ओढ. २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात कोय शेतातच लावावी आणि रोप वाढल्यावर जागेवरच कलम बांधावे. पिशवीत सोटमूळ वेटोळे घेते. शेतात ते सरळ खोल जाते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जोडाच्या खाली फुटलेला कोंब लगेच खुडा. तो रायवळाचा असतो. तो वाढला, तर वरची काडी मरते. मग चार-पाच वर्षे राखण करून हाती येतो तो रायवळ आंबा! रोप विकत घेतानाही आधी वाकून जोड पाहा, मगच पैसे द्या.